ब्लॅकबेरी धुता येत नाही

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. ग्वाटेमालातल्या पॅकहाऊसची नोकरी घेतलीस हे छान झालं. नाशिकहून चार हंगाम द्राक्षं पाठवलीत, तेव्हा ब्लॅकबेरीही जमेल असं लिहिलंयस. निम्मं खरं आहे.

द्राक्षाच्या पेटीत ग्रेपगार्ड, म्हणजे गंधकाचा वायू सोडणारा कागद, टाकला आणि थंडी सांभाळली की माल जहाजाने आठवडेच्या आठवडे जातो. ब्लॅकबेरीला गंधक चालत नाही, रंग उडतो. तोडल्यावर ती पिकत नाही, गोडही होत नाही. आणि ती धुता येत नाही, कारण मण्यांच्या फटीत पाणी राहिलं की बुरशी आलीच. म्हणजे पॅकहाऊसमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. तू शेडमध्ये कमी आणि बागेत जास्त दिसायला हवास.

पहिल्या दिवशी फवारणीचं पाणी कुठून येतं ते बघ. न धुता खाल्ल्या जाणाऱ्या फळावर औषधाबरोबर जे पाणी पडतं, तेच गिऱ्हाइकाच्या पोटात जातं. 1996 मध्ये अमेरिका आणि कॅनडात सायक्लोस्पोरा या परजीवीने 1,465 जण आजारी पडल्याची नोंद झाली. आधी ठपका कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवर आला, मग माग ग्वाटेमालाच्या रासबेरीपर्यंत पोचला. 1997 ला पुन्हा तेच झालं आणि 1998 च्या वसंतात अमेरिकेने तिथली रासबेरी आत घेतलीच नाही. काही मोजक्या बागांची चूक असेल, पण बंद झालं ते अख्ख्या देशाचं दार. पुढे रासबेरीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ब्लॅकबेरीकडेही तेव्हापासून संशयाने बघतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते आठव. परदेशी माल घेणारा बागाईतदाराचं नाव वाचत नाही, खोक्यावरचा देश वाचतो.

हा परजीवी माणसाच्या विष्ठेतून येतो, बाहेर एक-दोन आठवडे राहिल्यावर रोग पसरवण्याजोगा होतो आणि क्लोरीनला दाद देत नाही. बीजकोश साधारण 8 ते 10 मायक्रॉनचा असतो, म्हणून नुसती क्लोरीनची मात्रा न वाढवता फवारणीच्या पाण्याला 1 मायक्रॉनची गाळणी लाव. संडास आणि हात धुवायचं पाणी तोडणीच्या ओळींपासून चालत दोन-तीन मिनिटांवर हवं. जुलाब लागलेल्या मजुराला घरी पाठव, पण त्या दिवसाची मजुरी दे. नाही दिलीस तर तो दुखणं लपवेल आणि तोडत राहील. पावसाळा, म्हणजे मे ते ऑक्टोबर, जास्त जोखमीचा.

आता तोडणी. दर दोन-तीन दिवसांनी तीच ओळ फिरायची. पूर्ण काळं पण अजून चकाकणारं फळ घ्यायचं. चकाकी जाऊन मंद काळं झालेलं फळ खायला जास्त गोड लागतं, पण प्रवासात रस सोडतं. ते गावच्या बाजारात जाऊ दे. देठाकडे लाल मणी दिसला तर हात लावायचा नाही. तोडलं की थेट डबीत, दुसऱ्यांदा हाताळणी नाही. 170 ग्रॅमच्या डबीत 178-180 ग्रॅम भर, वाटेत वजन घटतं. सकाळी, दव सुकल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत संपव. उन्हात तोडलेल्या किंवा चेपलेल्या फळात काळे मणी दोन दिवसांनी लाल पडतात. लोक त्याला कच्चा माल समजतात, खरं तर तो मार असतो.

भरलेल्या डब्या सावलीत ठेव आणि तासाभरात प्रीकूलिंगला, म्हणजे फळ झटपट थंड करायला, आण. नुसत्या कोल्ड रूममध्ये थप्पी लावली तर मधल्या डब्या रात्रभर कोमट राहतात. पंख्याने खोक्यांच्या भोकांतून थंड हवा ओढली गेली पाहिजे, म्हणून खोक्याची आणि डबीची भोकं एकमेकांसमोर येतात का ते हाताने तपास. फळ 25 अंशांवर आणि हवा शून्यावर असेल, तर फळ 3 अंशांवर येईपर्यंत पंखा बंद करायचा नाही. पुढे 0 अंश आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता. तापमापक हवेत लटकवू नकोस, सुई मधल्या डबीतल्या फळात खुपस.

खरी गळती विमानतळावर आहे. ग्वाटेमाला सिटीच्या ला आउरोरा विमानतळावर धावपट्टीशेजारी खोक्यांचं पॅलेट उन्हात उभं राहतं, थंड फळावर दमट हवेचं पाणी सुटतं आणि मायामीत खोकं उघडलं की राखाडी बुरशीचा कापूस दिसतो. थर्मल आच्छादन घाल, आणि विमानाच्या वेळेपासून उलटं मोजून ट्रक सोड. भाडं आकारमानावर बसतं. 12 डब्यांचं खोकं बाहेरून 40 × 30 × 12 सेंमी असेल, तर 14,400 घनसेंमी भागिले विमानभाड्याचा ठरलेला भाजक 6,000, म्हणजे 2.4 किलोचं भाडं. आत फळ जेमतेम 2.04 किलो. डबीच्या झाकणावरची एक सेंटिमीटर पोकळीसुद्धा पैसे खाते.

मेक्सिकोची ब्लॅकबेरी ट्रकने अमेरिकेची सीमा ओलांडते. भावात तिच्याशी भिडू नकोस, तिचा माल कमी येतो ते आठवडे धर. द्राक्षाच्या गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तारीख जशी मागून मोजत काढतोस, तशीच इथल्या छाटणीचीही काढ.

कागद थोडक्यात. विमानाने जाणाऱ्या मालाची पूर्वसूचना एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याला, माल पोचण्याच्या किमान 4 तास आधी लागते. औषधाला अमेरिकेत ब्लॅकबेरीसाठी मर्यादा ठरलेली नसेल तर थोडा अंशही चालत नाही, म्हणून रासबेरीचं वेळापत्रक उचलून वापरू नकोस. घेणाऱ्याकडे पाका (फळं-भाज्यांच्या व्यापाराचा अमेरिकी कायदा) कायद्याचा परवाना आहे का ते आधी बघ. ‘माल खराब आला’ असा फोन आला की फोटोवर भाव कमी करू नकोस. त्याच दिवशी यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, निरीक्षकाचा दाखला माग. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत बुरशी तुझी की त्याच्या गोदामातली, हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या पाच खेपांत पॅलेटच्या वरच्या आणि मधल्या खोक्यात एकेक तापमापक घाल, त्यांचे आलेख मला पाठव. प्रत्येक खेपेतल्या चार डब्या तुझ्याच कोल्ड रूममध्ये ठेवून रोज उघडून बघ, आणि सातव्या दिवशीचा फोटोही जोड.

तुझा,
काका