पडद्यावरचा रंग आणि मुलीचा प्रश्न

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. आजोबांच्या कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर एकाच पॉलिपचे, म्हणजे अस्तरावरच्या गाठीचे, दोन फोटो होते, एक गुलाबी, दुसरा हिरवट-तपकिरी. बारावी विज्ञानातली नात तेव्हापासून म्हणते, मला हेच शिकायचंय. नीटचे मार्क कमी पडले तर डॉक्टर नाही, एन्डोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) टेक्नॉलॉजिस्टच व्हावं लागेल अशी भीती आहे. आई विचारते, "मग तिने नळ्या धुवायच्या का?"

ताई, आधी त्या दोन फोटोंचं सांगते. पांढऱ्या प्रकाशात चपटा पॉलिप आतड्याच्या अस्तरात मिसळून जातो. डॉक्टर बटण दाबतात तेव्हा ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाशच उरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका तोच शोषतं, म्हणून वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. त्यांच्या नक्षीवरून पॉलिप कोणत्या जातीचा, याचा अंदाज येतो. हे नॅरो बँड इमेजिंग. काही ठिकाणी इंडिगो कार्मिनचा निळा रंग फवारतात. तो खाचांत साचतो आणि पॉलिपची कड स्पष्ट होते. आता संगणकही संशयित जागेभोवती चौकट काढतो.

"नळ्या धुणं" हे वाचून मात्र वाईट वाटलं. नॅरो बँडमध्ये आतड्यात उरलेलं पिवळं पित्त रक्तासारखं लाल दिसतं. पोट साफ नसेल तर लाखोंचं यंत्र असून नसल्यासारखं. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांत पहिल्या वेळी सुमारे २२ टक्के पॉलिप सुटले होते, बहुतेक बारीक. म्हणून रुग्णाला तयारी समजावणं, दुर्बीण निर्जंतुक ठेवणं, पडद्यावर दुसरी नजर ठेवणं, पॉलिप कापायचा तारेचा फास डॉक्टरांच्या हातात वेळेवर देणं ही जबाबदारीची कामं आहेत. २०२१च्या अलाइड हेल्थ (डॉक्टरांच्या जोडीने काम करणारे तंत्रज्ञ) कायद्यात एन्डोस्कोपी टेक्नॉलॉजिस्टची स्वतंत्र नोंद आहे.

दुर्बीण स्वतः चालवायची असेल तर एमबीबीएस, एमडी, मग डीएम (पोटविकारांतलं पुढचं शिक्षण), म्हणजे साडेअकरा वर्षं. त्यासाठी नीट एकदा परत द्यायला माझी हरकत नाही. तिसऱ्यांदा मात्र नको. गणित घेतलं असेल आणि चौकट काढणाऱ्या संगणकाचंच कुतूहल असेल, तर फर्मागुडीचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे.

मला विचाराल तर तिला आधी कामाची जागा बघू द्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा ओळखीच्या इस्पितळात परवानगी काढून एन्डोस्कोपी टेक्नॉलॉजिस्टशी तासभर बोलू द्या. अलाइड हेल्थचा कोर्स निवडताना एकच गोष्ट खोदून विचारा: प्रत्यक्ष एन्डोस्कोपी रूममध्ये किती महिने उभं राहायला मिळतं? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे फी भरू नका.

आणि ताई, आजोबांचा पॉलिप अ‍ॅडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारी जात) निघाला असेल, तर त्यांच्या मुलामुलींनी स्वतःची तपासणी कधी करावी, हे त्याच डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी लेकीलाही सोबत न्या.