प्रोटीन एस कमी आलंय, पण रक्त काढलं तेव्हा कोणती गोळी चालू होती?

ताई, ३६ वर्षांच्या भावाला इस्केमिक स्ट्रोक (मेंदूची धमनी गुठळीने बंद होणं) झाला, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे, रिपोर्टात प्रोटीन एस कमी आणि एमटीएचएफआर हे जनुक 'हेटेरोझायगस' (दोन प्रतींपैकी एकीत बदल) आलंय. घरात सगळ्यांची तपासणी करायची का, हा तुमचा प्रश्न. आत्ता कुणाचीच नको.

प्रोटीन सी आणि एस ही गुठळीला आवर घालणारी रक्तातली प्रथिनं. ती तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉरफेरिन नेमकं तेच अडवतं. म्हणजे गोळी लागू पडतेय, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. वॉरफेरिन थांबल्यावर किमान २, शक्यतो ४ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा. मात्र तपासणीपायी गोळी स्वतःहून बंद करू नका. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. अर्धवट भरली की आकडे चुकतात. गुठळीची प्रवृत्ती दाखवणाऱ्या फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन या जनुकांच्या चाचण्या मात्र औषध चालू असतानाही चालतात.

एमटीएचएफआर सोडून द्या. पॅकेजात असतो म्हणून होतो. निरोगी माणसांतही सर्रास सापडतो. त्यापेक्षा रक्तातलं होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) आणि व्हिटॅमिन बी१२ बघा. सिन्नर-घोटीला काढलेलं रक्त सेंट्रिफ्यूज न करता तसंच नाशिकला आलं, तर लाल पेशींतून होमोसिस्टीन झिरपत राहतं आणि आकडा उगाच फुगतो.

आता मुख्य गोष्ट. प्रोटीन सी-एसची कमतरता, फॅक्टर फाइव्ह लायडन असे आनुवंशिक दोष प्रामुख्याने नीलांमध्ये गुठळी करतात, धमनीतल्या स्ट्रोकशी त्यांचा संबंध कमजोर आहे. पायातली गुठळी मेंदूच्या धमनीत पोचायला हृदयाच्या पडद्यात छिद्र असावं लागतं, ते म्हणजे पीएफओ. त्यासाठी बबल इको (शिरेतून बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? स्ट्रोकच्या आधी रात्रभर बसून नागपूरसारखा प्रवास, पायाला प्लास्टर, पोटरी सुजलेली, असं काही होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. एमआरआयमध्ये 'सायनस थ्रॉम्बोसिस' (मेंदूच्या नीलांमधली गुठळी) लिहिलं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे या दोषांना खरंच वजन आहे.

गुठळी करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीजच्या चाचण्या राहिल्या असतील तर त्या आधी. हा दोष सहसा आनुवंशिक नसतो, पण तरुणपणीच्या स्ट्रोकमध्ये जास्त महत्त्वाचा. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात. त्यातली 'ल्यूपस अँटीकोॲग्युलंट' चाचणीही वॉरफेरिनवर गोंधळते, म्हणून गोळी चालू असल्याचं लॅबला आधीच सांगा.

भावाचा दोष नंतर पक्का ठरला, तर पहिली विचारपूस घरातल्या बायकांची. गुठळीचा धोका वाढवणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या तर आहेतच, पण त्र्यंबकेश्वरला पूजा ठरली की पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून परस्पर आणतात त्या नोरेथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.