जावास्क्रिप्टमध्ये तारीख १९७० ची का दिसते?
सर्व्हरचा टाइमस्टॅम्प (वेळ सांगणारा नंबर) जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये (Date) टाकला की २० जानेवारी १९७० च्या आसपासची तारीख येतेय म्हणताय ना, मग कॉम्प्युटरचं घड्याळ तपासत बसू नका, त्याचा काही दोष नाही. तो नंबर बहुतेक युनिक्स टाइममध्ये असतो, हा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि जावास्क्रिप्टला हवेत मिलिसेकंद, त्यामुळे १० आकडी नंबर असेल तर १००० ने गुणा आणि मगच द्या. १३ आकडी असेल तर तसाच राहू द्या, नाहीतर तारीख पार हजारो वर्षं पुढे जाते (केलंय मी हे 😅). आणि फक्त काही तासांचाच फरक पडत असेल तर तो टाइमझोनचा घोळ, डेटाबेसमध्ये यूटीसीच (जगभरची एकच प्रमाण वेळ) ठेवा, लोकल टाइम फक्त दाखवताना करा. हो, तारखेतला महिना काढणारं गेटमंथ (getMonth) जानेवारीला ० देतं, तिथेही फसायला होतं.