घरात चिवचिव, वर्गात चिडीचूप

‘मुलगी साडेसहा वर्षांची. घरात तोंडाला खळ नाही, पण शाळेचं दुसरं वर्ष संपत आलं तरी तिथे एक शब्द नाही. शू लागली तरी सांगत नाही, ओल्या कपड्यांत घरी येते. बाई म्हणतात हट्टी आहे, आजी म्हणते मोठी झाली की बोलेल. मी बक्षिसं दाखवली, ओरडले, एकदा हातही उगारला. माझंच काही चुकलं का? – एक आई’

हात उगारलात ते चुकलं. तुम्हालाही ते सलतंय. पण तिचं न बोलणं तुमच्यामुळे नाही, आणि हट्टामुळे तर नाहीच. हट्टी मूल ओल्या कपड्यांत गुमान बसेल का?

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. बोलायचं असतं, पण भीतीने शब्द घशातच अडकतो. बाईंवर रागावू नका. १९३४ पासून डॉक्टरही याला ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे मुलाने आपणहून धरलेलं मौन म्हणत. ते नाव अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणाने १९९४ मध्ये बदललं; चिंताविकारांत त्याची गणना तर २०१३ मध्ये झाली.

आजींचं मात्र ऐकू नका. नव्या शाळेत पहिला महिना गप्प राहणं वेगळं, दोन वर्षं वेगळी. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कान आणि वाचाही तपासून घ्या.

त्यांच्या सल्ल्याने शाळेशी बोला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघीच खेळा. ती मोकळी बोलू लागली की बाईंनी दाराबाहेर काहीतरी करत थांबायचं. काही दिवसांनी दारात. मग आत, पण पाठमोऱ्या. मग खेळात. आवाज बंद झाला की एक पायरी मागे. आठवडेच्या आठवडे जातील, जाऊ देत. बाईंनी ‘काय हवं?’ऐवजी ‘लाल की निळा?’ विचारावं आणि ती बोललीच तर टाळ्या नकोत! ‘अगं, बोललीस!’ म्हटलं की सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि ती पुन्हा गप्प. ‘निळा? हा घे’ एवढं पुरे.

आणि कुणी तिला नाव विचारलं की तुम्हीच पटकन सांगता ना? मनात पाचपर्यंत मोजा. आईला ते पाच आकडे फार लांब वाटतात, ठाऊक आहे.

शूचं मात्र उद्याच मार्गी लावा. बाकावर एक रंगीत कार्ड ठेवा. तिने ते उलटं केलं की बाईंनी मान हलवायची आणि तिने जायचं. शब्द फुटेपर्यंत तिने ओलं बसायचं, हे चालणार नाही.