मॅपची किंमत पाळताना

अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानासाठी ब्रँडची डीलरशिप घेताय ना, मग सही करण्याआधी मॅप पॉलिसी नीट वाचा. मॅप (MAP, minimum advertised price) म्हणजे किमान जाहिरात किंमत: ब्रँडने ठरवलेला आकडा, ज्याच्या खाली भाव जाहीर करायचा नाही. बंधन सहसा जाहिरातीतल्या आकड्यावर असतं, प्रत्यक्ष विक्रीवर नाही. म्हणूनच काही दुकानांत 'किंमत कार्टमध्ये पाहा' असं दिसतं. पण कार्टमधली किंमत चालेल की नाही, हे ब्रँडगणिक बदलतं. गृहीत धरू नका, ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेवा.

नवे लोक हमखास अडकतात ते कूपनमध्ये. उत्पादनाच्या पानावर मॅपप्रमाणे २०० डॉलर अगदी बरोबर, आणि वर पट्टी झळकतेय: 'सगळ्यावर १५% सूट'. झाला १७० चा भाव जाहीर! मॅपच्या मालाला टॅग लावा आणि तो टॅग प्रत्येक कूपनमधून वगळा. आपोआप भाव बदलणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात मॅपच खालची मर्यादा म्हणून भरा.

ब्लॅक फ्रायडेला बरेच ब्रँड मॅप तात्पुरता शिथिल करतात. सेल संपला की साइटवर भाव चढतो, गूगल शॉपिंगच्या फीडमध्ये (गूगलला पाठवलेल्या मालाच्या यादीत) मात्र सेलचाच राहतो, आणि ब्रँडची नजर ठेवणारी यंत्रणा नेमका तोच टिपते. नोटीस आली तर वाद नंतर घाला, आधी भाव दुरुस्त करून स्क्रीनशॉट पाठवा.

दुसरा डीलर भाव पाडतोय? लिंक ब्रँडला द्या. त्याच्याशी परस्पर भाव ठरवायला जाऊ नका, तिथे अँटिट्रस्ट कायदा (स्पर्धा मारणाऱ्या संगनमताविरुद्धचा कायदा) आडवा येतो.