पासष्टीच्या पुढच्या आई-बाबांना घेऊन जूनमध्ये सहा दिवस विमानाने लेहला जातोय. शहरात थांबावं की थेट पँगाँग तलाव गाठावा?

शहरात थांबा. पहिले दोन दिवस तर थांबाच. आणि आई-बाबा पासष्टीच्या पुढचे आहेत, विमानाने जाणार आहात असं तुम्ही लिहिलंय म्हणून स्पष्टच सांगते, या खेपेला पँगाँग नको.

मी लेहला तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी आमच्या सहलवाल्यांनी विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी खार्दुंग ला ही उंच खिंड ठेवली होती. माझा भाऊ दर रविवारी सह्याद्रीत असणारा, अलंग-मदन-कुलंग केलेला. त्याला काही होणार नाही, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. खिंडीत तो गाडीतून उतरला, दहा पावलं चालला आणि रस्त्याच्या कडेला बसला. उलट्या, डोकं ठणकतंय, जीभ अडखळतेय. चालकाने एकही प्रश्न न विचारता गाडी वळवली. लेहच्या इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी तो नीट बोलायला लागला. ते तीन-चार तास मी अजून विसरलेले नाही.

कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर. म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून उंच जागी विमान आपल्याला दिल्लीहून तासा-दीड तासात नेऊन ठेवतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, आणि चालण्याचा सराव असला म्हणून ते दिवस वाचत नाहीत. निघण्याआधी दोघांना डॉक्टरांकडे न्या, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांबद्दल बोला, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का तेही त्यांनाच ठरवू द्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

पहिला दिवस झोप, पाणी, गरम थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप. बस्स. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मुख्य बाजारात हळूहळू फिरा. आसपासच्या गावांतल्या बायका पदपथावर पालक, मुळा, सुके जर्दाळू मांडून बसलेल्या असतात. ‘जुले’ म्हणा, म्हणजे लडाखी नमस्कार, मग गप्पा होतात. जामा मशिदीमागच्या गल्लीत नानवाई, म्हणजे रोटी भाजणारे, तंदुरातून रोट्या काढतात, ती गरम रोटी हातात घेऊन तिथेच खा. मध्य आशियातल्या यारकंदचे व्यापारी काफिले याच गावात उतरायचे, आणि त्या गल्लीत ते अजून जाणवतं. वर नऊ मजली राजवाडा दिसतो, सतराव्या शतकातला, दगड-माती-लाकडाचा. आई-बाबांना चढवू नका, खालूनही तो पोटभर दिसतो.

वर्षभरात इथे जेमतेम १०० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशीच तेवढा कोसळतो. पावसाळी ढग हिमालय अडवतो. मग ही हिरवी शेतं, हे पॉपलर कशावर उभे? वरच्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर, चिंचोळ्या पाटांतून आणलेल्या. गावात पाण्याची पाळी लावणारा माणूस नेमलेला असतो, त्याला छुरपोन म्हणतात. हे एकदा पाहिलं की हॉटेलात शॉवर सोडून उभं राहायला मन धजत नाही. बादलीने आंघोळ करा, कळकळीने सांगते.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला, सिंधूच्या काठाने खाली. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार भेटतात, दोन रंगांचं पाणी थोडं अंतर शेजारी-शेजारी वाहतं. आंघोळीच्या श्लोकात गोदावरीबरोबर जिचं नाव वर्षानुवर्षं घेतलं ती नदी ही, एवढंच बाबांना सांगा आणि त्यांना तिथे निवांत उभं राहू द्या. माझे वडील अर्धा तास हलले नव्हते.

तिथून आल्ची. माझ्या मते लडाखमधलं सर्वांत मोलाचं ठिकाण. बहुतेक गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, डोंगरावर असतात, हा मात्र सपाटीवर, जर्दाळूच्या झाडांत, आणि उंचीही लेहपेक्षा कमी, म्हणून वयस्कर माणसांना सोयीचा. आतली भित्तिचित्रं अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची, काश्मिरी शैलीच्या हातांची. बोधिसत्त्वाच्या धोतरावर अख्खी देवळं, राजवाडे रंगवलेत, बोटभर आकाराचे. आत अंधार असतो. पाच मिनिटं गप्प उभं राहा, मग डोळ्यांना एकेक आकृती दिसू लागते. छायाचित्रं काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

चौथ्या दिवशी दोघांची तब्येत उत्तम असेल तरच नुब्रा खोरं. वाटेत खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका. पण पलीकडे दिस्कित-हुंदर लेहपेक्षा खाली आहेत, त्यामुळे रात्री झोप लागते. हुंदरला वाळूच्या टेकड्या, दोन वशिंडांचे उंट आणि मागे बर्फाचे डोंगर, सगळं एकाच नजरेत मावतं. पँगाँगला मात्र सव्वाचार हजार मीटरवर झोपावं लागतं, नाहीतर चांग ला ही उंच खिंड दिवसात दोनदा ओलांडावी लागते. म्हणून नको म्हटलं.

कुणाचं डोकं दुखत असेल, अन्न जात नसेल तर नुब्राही सोडा, १९ किलोमीटरवरच्या थिकसे गोंपाला जा आणि पायऱ्या झेपतील तेवढ्याच चढा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, एकाकडे तरी पोस्टपेड हवं. आणि परतीची विमानं बहुतेक सकाळची असतात, दुपारी वारा सुटतो म्हणून. तेव्हा पाचव्या दिवशी नुब्राहून लवकर निघा, रात्रीचा मुक्काम लेहलाच.