फॉरमॅट मारू नका, आधी तारीख बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वादळी पावसात दोन दिवस लाईट नव्हती, आणि ती आल्यापासून होमस्टेच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बँक, जीमेल, जीएसटी, काहीही उघडलं की ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं. फोनवर मात्र सगळं नीट चालतं. ब्राउझर दोनदा काढून परत टाकला. आता दुरुस्तीवाला फॉरमॅट करायला सांगतोय, करू का?

करू नका. निदान आज तरी नाही. मी हाच घाट चढून आलोय, म्हणून एवढं ठासून सांगतो.

मी कॉम्प्युटरचा माणूस नाही, देवगडकडचा बागायतदार आहे. त्यामुळे जाणकारांनी काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मला एका कार्यालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. शेवटचे दोन दिवस उरलेले आणि पोर्टल उघडलं की लाल त्रिकोण. त्यांच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला दाखवणारा तिचा डिजिटल दाखला, महिन्याभरापूर्वीच संपलं होतं. फोन केला तर पलीकडच्या साहेबांनी सांगितलं, “कॉम्प्युटरची तारीख दीड महिना मागे घ्या, मग उघडतं. सगळे तसंच करतात.” मी घेतली. पोर्टल उघडलं, अर्ज गेला आणि मी पेट्या भरायला बागेत पळालो. तारीख परत पुढे आणायचं डोक्यातून पार गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडेना, मेल उघडेना. कारण मला फार उशिरा कळलं. प्रमाणपत्राला दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. बऱ्याच साइटींची प्रमाणपत्रं फक्त 90 दिवसांची असतात आणि संपायच्या महिनाभर आधीच नवी बसवली जातात. म्हणजे अशी कुठलीही साइट घ्या, तिचं चालू प्रमाणपत्र दीड महिन्याच्या आतलं असायची शक्यता बरीच. माझा कॉम्प्युटर मार्चमध्ये बसून एप्रिलमध्ये निघालेला कागद बघत होता. त्याच्या दृष्टीने तो कागद अजून लागूच झाला नव्हता. त्याने अडवलं, ते बरोबरच केलं.

मला ते कुठे माहीत? दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “व्हायरस शिरलोहा, फॉरमॅट मारूचो लागतलो.” मी हो म्हटलं. घरपोच पेट्या घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांची तीन हंगामांची यादी, पत्ते, कुणाला कच्चा आंबा लागतो, कुणाला तयार, सगळं त्या एकाच फाइलमध्ये होतं. गेलं. तो हंगाम वहीतल्या अर्धवट नोंदींवर आणि फोन करकरून काढला. काही जुनी गिऱ्हाइकं परत जोडलीच गेली नाहीत. त्या साहेबांचा मला अजून राग येतो. प्रमाणपत्र वेळेवर बदलणं हे साइट चालवणाऱ्याचं काम आहे. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था 2015 पासून ते फुकट देते आणि नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करता येते. स्वतःचं काम राहिलं म्हणून लोकांना घड्याळं बदलायला सांगायचं, हे चूकच. आणि हे वाढत जाणार, कारण या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन 2029 मध्ये 47 दिवसांवर येणार आहे.

असो, तुमच्याकडे वळतो. फोनवर चालतं आणि कॉम्प्युटरवर एकही साइट चालत नाही, म्हणजे दोष कॉम्प्युटरकडे आहे. सगळ्या साइटी एकाच दिवशी बिघडत नाहीत. उलट एकच साइट फोनवरही, मोबाइल डेटावरही अडत असेल तर दोष त्या साइटचा. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, आणि वर्षही बघा. दिवस-महिना जुळून वर्ष जुनं असलं की नजर फसते. मला वाटतं तुमच्या मदरबोर्डवरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरची, गोल बॅटरी संपलीय. लाईट असेपर्यंत तारीख टिकते, पूर्ण बंद झालं की घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जातं. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर 2032 असते, घड्याळवाल्याकडेही मिळते. काढताना खाच गंजलीय का बघा, आपल्याकडची खारी हवा कशालाच सोडत नाही. फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपोआप वेळ जुळवेलच असं नाही. आधी हाताने तारीख घाला, मग आपोआप जुळवण्याचं बटण चालू करा.

तारीख बरोबर निघाली तर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून खालचा कोड वाचा. दाबायचं ते वाचण्यापुरतं, पुढे जायला नाही. ‘डेट इनव्हॅलिड’ म्हणजे तारखेचा घोळ, तुमचा नाहीतर त्यांचा. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं, कधी नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून किंवा काढून सुटतं. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ आला तर मी सावध होतो. अँटिव्हायरस तुमच्या आणि साइटच्या मध्ये शिरून तपासत असतो तेव्हाही तो येतो, पण कुणीतरी खरोखर मध्ये बसलं असेल तेव्हाही येतो. स्टेशन किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिन व्हायच्या आधी असले इशारे येतात, ते वेगळं.

अर्ज भरायला कुणी व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राची फाइल पाठवून ‘इन्स्टॉल करा’ म्हटलं तर अजिबात करू नका. ती बसली की पाठवणारा तुमच्या ब्राउझरला कुठलीही साइट खरी म्हणून दाखवू शकतो. इशारा डावलून पासवर्ड, आधार, ओटीपी टाकू नये असं माझं मत. नुसती सूचना वाचायची असेल तर ज्याचं त्याने ठरवावं. आणि इशारा आला नाही म्हणजे साइट खरीच, असंही नाही. फसव्या साइटींनाही प्रमाणपत्र मिळतं, पत्त्यातलं नाव अक्षर-अक्षर वाचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन.

कॉम्प्युटरवरच्या बुकिंगच्या नोंदी आणि गिऱ्हाइकांचे नंबर आजच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, त्याला इंटरनेट लागत नाही. बॅटरी बदलूनही अडलं तर कोडची ओळ जशीच्या तशी इथे लिहा. बँकेचं काम तोवर फोनवर उरका.